पायातला ब्रेक

विहिरीनं तळ दाखवला त्याला दोन महिने होऊन गेले होते. आधी पोहऱ्यात गढूळ पाणी यायचं, मग नुसता चिखल आला, आणि एके सकाळी पोहरा तळाच्या दगडावर ठण्णकन आपटला. गावातल्या बाकीच्या दोन विहिरींनी त्याच आठवड्यात राम म्हटला. आता पाणी उरलं होतं ते टेकडीपलीकडच्या दगडखाणीत. खाणीच्या खड्ड्यात एक झरा लागला होता आणि तिथल्या मुकादमानं गावासाठी एक नळी बाहेर काढून दिली होती. गावापासून खाण सात किलोमीटर. मध्ये टेकडी. येताना भरलेले कॅन घेऊन आधी चढ चढायचा आणि मग गावापर्यंत उतार उतरायचा.

ज्याच्या घरी जे होतं ते घेऊन लोक निघाले. कुणी गाडी जुंपली, कुणी हातगाडा घेतला, बायका डोक्यावर हंडे घेऊन पायी निघाल्या. टेकडीच्या पायथ्याशी, वळणापुढं राहणाऱ्या सायकल मिस्त्रीच्या घरी सायकली होत्या.

मिस्त्री पन्नाशीचा, काटक माणूस. तरुणपणी तो शहरातल्या सिमेंटच्या गोल ट्रॅकवर शर्यती खेळला होता. निवड चाचणीत चौथा आला आणि त्यांनी घेतले तिघे. ही गोष्ट त्यानं गावात इतक्यांदा सांगितली की लोक तोंडावर त्याला मिस्त्री म्हणत आणि पाठीमागं ‘चौथा’. पंक्चर काढायला आलेल्या माणसालाही तो शिकवल्याशिवाय सोडत नसे. “सीट वर घ्या जरा. गुडघे छातीला लागतायत तुमचे. आणि पाय गोल फिरवायचा, चौकोनी नाही.” माणूस बिचारा मान हलवायचा आणि हवा भरून पळ काढायचा.

पण एक शागीर्द त्याला अस्सल मिळाली होती. त्याची स्वतःची मुलगी. चार वर्षांची असताना उलट्या ठेवलेल्या सायकलीचं पायडल हातानं गरगर फिरवत बसायची म्हणून त्यानंच तिचं नाव भिंगरी पाडलं. आता ती साडेसतरा वर्षांची झाली होती, बापापेक्षा बोटभर उंच, आणि पाय असे की सपाट रस्त्यावर मोपेडवाला मागं वळून बघायचा. सहा आठवड्यांनी शहरातल्या सायकलिंग केंद्रात निवड होती. अठराच्या आतल्या मुलींनाच घेणार, त्यामुळं ही तिची शेवटची संधी. निवडलेल्या मुलींना राहणं, खाणं, शिक्षण सगळं केंद्राकडून.

“आणि यंदा चार घेणारेत,” मिस्त्री दिसेल त्याला सांगत होता. “चौथीसुद्धा आत!”

पाणी आणायलाच हवं आणि सराव तर त्याहून हवा. मिस्त्रीनं एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. त्यानं दुकानातली जुनी काळी ओझ्याची सायकल काढली. तिच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील पान्यानं सोडवलं आणि त्या जागी ट्रॅकच्या सायकलीचं फिक्स चक्र बसवलं.

त्याची बायको दारात गोणपाट शिवत बसली होती. गावातल्या आडतीसाठी ती पोती शिवायची. दाभण पोत्यात तसंच ठेवून तिनं विचारलं, “हे काय नवीन?”

“फिक्स. साध्या सायकलीला उतारावर पाय थांबवता येतात. पाय आयतोबा होतात. याला चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. चढ असो, उतार असो, पायांना सुट्टी नाही. चौदा किलोमीटर म्हणजे चौदा किलोमीटर सराव.”

“आणि मागचा ब्रेक का काढला?”

“ब्रेक पायात असतो. ट्रॅकवर कुणाच्या सायकलीला ब्रेक बघितलायस?”

“ट्रॅकवर कुणाच्या कॅरिअरला चाळीस लिटर पाणी बघितलंय तुम्ही?”

मिस्त्री हसला. बायकोचं बोलणं त्याला आवडायचं, फक्त ते ऐकायची सवय त्याला नव्हती. तिनं आरडाओरडा केला म्हणून पुढचा ब्रेक तेवढा राहिला. भिंगरीनं सायकल अंगणात दोन फेरे चालवून बघितली आणि म्हणाली, “मस्त आहे, बाबा. पाय आपोआप फिरतात.”

बाप सांगेल ते ती करायची. तिचा त्याच्यावर देवावर नसेल एवढा विश्वास होता.

रोज दोन फेऱ्या ठरल्या. पहिली उजाडताना, दुसरी उन्हं कलली की. वीस लिटरचा एकेक कॅन कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेला. मिस्त्री गळ्यात स्टॉपवॉच अडकवून दारात उभा राहायचा. ते घड्याळ त्याच्या तरुणपणीचं, काचेला तडा गेलेला, पण वेळ अचूक. ती वळणावर दिसली की तो ओरडायचा, “दाब! दाब! शेवटचे शंभर मीटर!” आणि ती घामानं निथळत, तोंडाला धूळ फासलेली, दाबायची. पहिल्या दिवशी एक तास पंचवीस मिनिटं लागली. दहाव्या दिवशी एक तास बारा. मिस्त्रीनं दुकानाच्या पत्र्यावर खडूनं आकडे लिहून ठेवले आणि त्यांच्याकडे बघून त्याला जेवण गोड लागायला लागलं.

पाणी कॅनमधून रांजणात ओतताना तो शिकवत राहायचा. “चढावर हँडल खेचू नकोस, खांदे सैल सोड. श्वास पोटातून. उतारावर पायडल पळायला लागलं तर मागं दाबून धर. मांड्या तयार होतात त्यानं.”

“धरते,” ती म्हणायची.

“पुढचा ब्रेक किती वापरलास?”

“थोडा.”

“थोडासुद्धा कशाला?”

उतार दोन किलोमीटरचा होता आणि खालच्या टप्प्यात चांगला तिरपा. त्यावरून ओझ्यासकट साठ-सत्तर किलोची सायकल खाली यायला लागली की पायडल आपण फिरवत नाही, ते आपल्याला फिरवतं. हे भिंगरीला रोज दोनदा कळत होतं. मिस्त्री स्वतः त्या उतारावरून ओझं घेऊन एकदाही आला नव्हता. दुकान कोण बघणार?

तिसऱ्या आठवड्यात आईच्या लक्षात आलं. भिंगरी भांडी घासायला उकिडवी बसेना. तिनं कुठून तरी मोडका स्टूल आणला आणि त्यावर बसून, डावा पाय लांब करून ती घासायला लागली. उठताना दाराची चौकट धरायची. जिथं दोन पायऱ्या उतरायच्या तिथं आडवी होऊन एकेक पाय टाकायची.

“दाखव गुडघा,” आई म्हणाली.

“काही नाही गं, आई.”

आईनं परकर वर केला. डाव्या गुडघ्याची वाटी दिसतच नव्हती. तिथं गोल सूज होती, आणि हात लावला तर गरम.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खाली बसून गुडघा दोन्ही बाजूंनी दाबला, तिला तो वाकवायला लावला, आणि वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटले.

“समोरून दुखतो ना? म्हणजे सीट खाली आहे. पोरगी वाढलीय. इतकी साधी गोष्ट.”

“दोन दिवस पाणी मी आणते डोक्यावरून,” बायको म्हणाली. “तिला बसू दे.”

“दोन दिवस बसली की आठवडाभराचं केलेलं पाण्यात. तुला त्यातलं कळत नाही.”

“मला सायकलीतलं नाही कळत. मला पोरीतलं कळतं.”

“भिंगरे, तूच सांग. होईल का?”

भिंगरीनं आईकडे बघितलं, मग बापाच्या गळ्यातल्या घड्याळाकडे. “होईल की,” ती म्हणाली.

त्यानं सीट बोटभर वर घेतली. मोकळ्या सायकलीला ते बरोबरच होतं. पण ओझ्याच्या सायकलीवर थांबताना पाय जमिनीला टेकावा लागतो, आणि आता तिचा फक्त अंगठा टेकत होता. दुसऱ्याच दिवशी घरासमोर थांबताना तोल गेला. सायकल डाव्या अंगावर कोसळली, एका कॅनचं झाकण उडालं आणि वीस लिटर पाणी धुळीत पसरलं. शेजारच्या बायका भांडी घेऊन धावल्या, हातानं ओंजळी भरायला लागल्या. कुणाची तरी शेळी मध्ये घुसली. भिंगरी सायकलीखाली अडकलेला पाय काढायचा प्रयत्न करत होती, आणि सगळा रस्ता पाण्यासाठी हळहळत होता.

मिस्त्री दुकानातून पळत आला. त्यानं सायकल उचलली, मागचं चाक हवेत धरून हातानं फिरवलं आणि रिम वाकडी झाली का ते एक डोळा मिटून बघितलं.

“वाचली,” तो म्हणाला.

बायको उंबऱ्यात उभी होती. पोरीच्या काखेत हात घालून तिनं तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मिस्त्रीला आपलं ताट आपणच वाढून घ्यावं लागलं.

तरीही फेऱ्या चालूच राहिल्या. रांजण रिकामा झाला की सगळ्यांची तोंडं गप्प होतात. आई सकाळी तीन हंडे आणायची, तरी गाय, घर आणि दुकानाची टाकी यांना ते पुरायचं नाही. भिंगरी गुडघ्याला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून निघायची. वेळ एक तास पाच मिनिटांवर आली. मिस्त्रीनं तो आकडा पत्र्यावर लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

निवडीच्या दिवशी बापलेक पहिल्या बसनं शहरात गेले. मिस्त्रीनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसच्या टपावर भिंगरीची शर्यतीची सायकल होती. त्यानं दहा वर्षांत एकेक भाग जमवून जोडलेली, आरे एकाच ताणानं वाजतील इतक्या काळजीनं बांधलेले.

ट्रॅक तोच होता. वळणावर भिंतीसारखा उभा राहणारा, मध्ये सिमेंट उखडलेला. मिस्त्रीनं वाकून त्याला हात लावला. बावीस मुली आल्या होत्या. पांढऱ्या टोपीतल्या, आखूड केसांच्या प्रशिक्षक बाई शिट्टी घेऊन उभ्या होत्या आणि एकेकीला सोडत होत्या. पाचशे मीटर, थांबलेल्या स्थितीतून सुरुवात.

भिंगरीचा नंबर आला. तिनं ट्यूबची पट्टी काढून बापाच्या हातात दिली. शिट्टी झाली आणि ती अशी सुटली की मिस्त्रीचा श्वास छातीतच राहिला. वळणावर वर गेली, तिथून घसरल्यासारखी खाली आली, पाय गोल, खांदे सैल, डोकं स्थिर. त्यानं शिकवलेलं सगळं त्याच्यासमोर फिरत होतं. बाईंनी वेळ वाचली. त्या सकाळची ती सगळ्यात चांगली वेळ होती.

मिस्त्रीला रडू आलं. शेजारी उभ्या असलेल्या कुणा मुलीच्या काकाला त्यानं खांदा धरून सांगितलं, “माझी आहे ती. मीच तयार केलीय. सगळं मीच.”

दुपारी रस्त्यावरची चाचणी होती. पंधरा किलोमीटर, केंद्राच्या गिअरच्या सायकलींवर. जाताना चढ, येताना लांब उतार. मुली नजरेआड गेल्या. अर्ध्या तासानंतर पहिली परत आली, मग एकामागून एक बाकीच्या. मिस्त्री मोजत राहिला. चौथी गेली. दहावी गेली. एकविसावी गेल्यावर तो रस्त्याच्या मध्येच जाऊन उभा राहिला.

भिंगरी सगळ्यात शेवटी आली. एकाच पायानं दाबत होती. थांबली ती कुंपणाला धरून, आणि तिला उतरताच येईना. बाईंनी स्वतः तिला कमरेत धरून खाली घेतलं.

“उतारावर पाय का थांबवले नाहीस?” बाईंनी विचारलं. “मी मागून गाडीतून बघत होते. सगळ्या आराम करत होत्या आणि तू पाय फिरवतच होतीस.”

“सवय झालीय,” भिंगरी म्हणाली.

बाईंनी तिला ऑफिसच्या पायऱ्यांपाशी नेलं. “चढ वर. आता उतरून दाखव.”

तीन पायऱ्या होत्या. भिंगरी कठडा धरून आडवी झाली आणि एकेक पाय खाली ठेवत उतरली. बाईंनी गुडघ्याला हात लावला तसा तिचा ओठ दातांखाली गेला.

“किती दिवस झाले?”

“महिना.”

“काय चालवतेस रोज?”

भिंगरीनं सांगितलं. पाण्याचे कॅन, टेकडी, रोजच्या दोन फेऱ्या, फिक्स.

“ओझं घेऊन उतारावर फिक्स? अगं, चाळीस किलो तुझा गुडघा रोज अडवत होता. गुडघा म्हणजे ब्रेकचं रबर आहे का, झिजलं की नवीन बसवायला? फिक्सचा सराव सपाटीवर करतात, तोही मोकळ्या सायकलीवर. शाळेतल्या पोराला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. कुणी बसवून दिलं तुला हे?”

मिस्त्री चार पावलांवर उभा होता. हातात ट्यूबची पट्टी. त्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं.

“कुणी नाही,” भिंगरी म्हणाली. “मीच बसवलं.”

“शिकवणारं कुणी नाही तुला?”

“नाही.”

बाईंनी हातातल्या कागदावरून बोट फिरवलं. “सकाळची वेळ बघून मी तुझं नाव सगळ्यांच्या वर लिहिलं होतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आता सहा महिने तरी सायकलवर बसायचं नाही. डॉक्टरला दाखव. पुढच्या वर्षी ये...” त्यांचं बोट जन्मतारखेवर थांबलं. पेनानं त्यांनी एक आडवी रेघ मारली.

मग त्यांचं लक्ष मिस्त्रीकडे गेलं. “आपण कोण हिचे?”

सकाळी ज्याला ‘सगळं मीच’ म्हणून सांगितलं होतं तो काका तिथंच होता, ऐकत होता. मिस्त्रीनं शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

“मी सोबत आलोय,” तो म्हणाला. “गावाकडचा.”

भिंगरीनं मान वर केली नाही. ती खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागली.

परतीच्या बसमध्ये ती फक्त एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही खिडकीपाशी बसता का? मला पाय बाहेर काढावा लागेल.” तो खिडकीपाशी सरकला. वाटेतल्या माणसांना तिच्या पायावरून ओलांडून जावं लागत होतं आणि दर वेळी ती म्हणत होती, सांभाळून हं. गावात पोचल्यावर आईनं पोरीला बसमधून उतरताना बघितलं, तेवढ्यावर तिला सगळं समजलं. घरी तिनं पाणी तापवलं, मीठ टाकलं आणि फडकं भिजवून गुडघ्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा रांजणात तळाला तांब्याभर पाणी होतं. मिस्त्रीनं काळी सायकल बाहेर काढली. फ्रीव्हील दुकानाच्या खोक्यात होतं, चक्र बदलायला वीस मिनिटं लागली असती. त्यानं पाना हातात घेतला, मागच्या चाकापाशी बसला. मग काय मनात आलं कोण जाणे, पाना परत खोक्यात टाकून कॅन बांधले आणि तो तसाच निघाला.

जाणं सोपं होतं. नळीपाशी रांग होती. कॅन भरून त्यानं चढ चढला, दोनदा उतरून ढकलत. माथ्यावर आला तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. खाली त्याचं घर दिसत होतं, दुकानाचा पत्रा उन्हात चमकत होता.

त्यानं सायकल सोडली. पहिले शंभर मीटर बरे गेले. मग ओझ्यानं मागून ढकलायला सुरुवात केली आणि पायडल पळायला लागलं. त्यानं मागं दाबलं. दर फेऱ्याला, वर येणाऱ्या पायडलबरोबर, गुडघ्याच्या आत कुणीतरी पाना घालून फिरवावा तशी कळ मांडीपर्यंत गेली. पाय काढावा तर सायकल हातची जाणार, ब्रेक दाबावा तर मागचं ओझं डोक्यावरून पुढं येणार. “बस, बस, बस,” तो मोठ्यानं म्हणत होता. चाक ऐकत नव्हतं. शेवटी त्यानं हँडल कडेच्या मातीत घातलं आणि अंगावर सायकल घेऊन आडवा झाला.

डोक्यावर हंडे घेतलेल्या तीन बायका मागून येत होत्या. एकीनं हंडा खाली ठेवून सायकल धरली.

“मिस्त्री, तुम्ही? भिंगरी कुठाय?”

“घरी आहे.”

“बरं केलंत, बसवलीत तिला. रोज रडत यायची इथून. आम्ही म्हणायचो, अगं उतर, चाल थोडं. तर म्हणायची, वेळ जाईल.”

“रोज?”

“रोज म्हणजे रोजच. खाली वळणापाशी तोंड पुसायची.” बाईनं हंडा परत डोक्यावर घेतला. “आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

त्यानंतर तो सायकलीवर बसला नाही. हँडल धरून, अंग मागं टाकून, एकेक पाऊल टाकत तो उतार उतरला. वळणापाशी जरा थांबला. तिथून घराचं दार दिसत होतं, म्हणजे दारातून हे वळणही दिसत असणार.

भिंगरी उंबऱ्यात पाय लांब करून बसली होती. गळ्यात त्याचं घड्याळ. त्याला वाटलं ती हिणवतेय, पण तसं काही नव्हतं. कुणी पाण्याला गेलं की घड्याळ सुरू करायचं, एवढंच तिला माहीत होतं.

“दोन तास वीस,” ती म्हणाली.

“चालत आलो. उतारावर उतरलो.” त्यानं कॅनच्या पट्ट्या सोडवायला घेतल्या. गाठ सुटेना. “नाही येत तो उतार, भिंगरे. बसून नाही येत.”

तिनं त्याच्या पायांकडे बघितलं. धुळीनं माखलेले, एका गुडघ्यावर खरचटलेले.

“उतरलं तर चालतं होय, बाबा?” तिनं विचारलं. “तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

आतून बायको आली. तिनं त्याच्या हातून पट्टी घेतली, दातानं गाठ सोडवली आणि कॅन उचलून रांजणाकडे गेली. पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. मिस्त्री सायकलीला धरून तिथंच उभा होता.